राज्य बुडाले, बोली तरली



या व्यासपीठावरून आजवर प्राध्यापक बोलले, वकील बोलले, संपादक बोलले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते गोदीतल्या पाळ्यांमधून, युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटातून आणि पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून. त्यामुळे चालकांनी विषय विचारला तेव्हा बोनस, कंत्राटी मजुरी, फार तर कामगार कायदा, अशीच त्यांची अपेक्षा असणार. आम्ही म्हणालो, "श्रीविजयावर बोलतो." त्यांनी नम्रपणे विचारले, "हे कोणत्या कारखान्यातले पुढारी?"

श्रीविजय हे कोणा पुढाऱ्याचे नाव नव्हे. ते एका राज्याचे नाव आहे. सुमात्रा बेटावर, मुसी नदीच्या काठी, आज जेथे पालेंबांग शहर आहे तेथे सातव्या शतकात हे राज्य उदयास आले, आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीवर त्याने काही शतके हुकमत गाजवली. राज्य मलय लोकांचे, सत्ता समुद्रावरची. अशा राज्याशी एका गोदी कामगाराचा काय संबंध, हे प्रथम सांगितले पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एक मालवाहू जहाज बंदराबाहेर नांगर टाकून पडले होते. मालकाने हात वर केलेले, खलाशांचे कित्येक महिन्यांचे पगार थकलेले, डाळ-तांदूळ संपत आलेले. खलाशी निम्मे आपल्याकडचे, निम्मे इंडोनेशियाचे. कोणाचे किती येणे आहे याची यादी करावयास आम्ही होडीने जहाजावर गेलो. इंडोनेशियन खलाशांच्या वतीने त्यांच्यातला एक वडीलधारा सारंग बसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत व हिंदीत आमचे बोलणे चालले होते. त्याने कागदावर रकाने आखले. पहिल्या रकान्यावर लिहिले 'नामा'. हे न सांगता कळले. शेवटच्या रकान्यावर लिहिले 'देंडा'. आम्ही विचारले, "हे काय?" तेव्हा त्याने कप्तानाची नक्कल केली, बोट रोखले आणि हवेतल्या हवेत कोणाच्या तरी खिशातून पैसे काढून घेतले. आम्ही म्हणालो, "अहो, हा तर दंड!" तो हसला. म्हणाला, "या, या, देंडा." चुकीबद्दल पगारातून जो पैसा कापतात त्याला त्याच्या देशातही आमचाच शब्द होता.

मग आम्ही विचारले, "तुमच्याकडे कामगाराला काय म्हणतात?" तो म्हणाला, "बुरुह." हा शब्द मात्र आमच्या ओळखीतला नव्हता. डायरीत दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहून ठेवले. त्या खलाशांचे पुढे थोडेफार पैसे सुटले, ते घरी गेले. ते दोन शब्द आमच्याकडे राहिले. 'देंडा' तिकडे कोणी नेला, आणि 'बुरुह' कोठून आला, या दोन प्रश्नांच्या पाठीमागे लागून आम्ही श्रीविजयापर्यंत पोहोचलो.

प्रथम एक नवल सांगतो. ज्या राज्याने एवढी शतके समुद्र राखला त्याचे नावसुद्धा पुढे विसरले गेले. बांका बेटावर १८९२ साली एक शिलालेख सापडला. तो शके ६०८ चा, म्हणजे इ. स. ६८६ चा. त्यात 'श्रीविजय' हा शब्द होता. केर्न नावाच्या थोर डच पंडितास वाटले, हे राजाचे नाव. पुढे १९१८ साली जॉर्ज सेदेस या फ्रेंच अभ्यासकाने चिनी ग्रंथांतील नावे, भारतातील ताम्रपट आणि हे शिलालेख एकत्र ठेवले आणि दाखवून दिले की हा राजा नव्हे, हे राज्य आहे. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पालेंबांगच्या रहिवाशासही आपण कोणत्या राजधानीच्या मातीवर उभे आहोत हे ठाऊक नव्हते. इमारती बहुधा लाकडाच्या, त्या कुजल्या. नदीने काठ खाल्ला. अरब प्रवाशांनी ऐकलेली गोष्ट अशी की तेथला महाराज रोज सोन्याची एक वीट पाण्यात टाकी. ते सोनेही गेले. मग राहिले काय?

राहिली ती बोली.

१९२० साली पालेंबांगजवळ केदुकान बुकित येथे एक लहानसा दगड उजेडात आला. त्यावर दहा ओळी आहेत. काळ इ. स. ६८२ च्या सुमाराचा. लिपी दक्षिण भारतातील पल्लवांची. तिथी दिली आहे वैशाख शुद्ध एकादशीची, म्हणजे आपण ज्या दिवसांत या मंडपात जमतो त्याच दिवसांतली. त्या तिथीस दापुंता ह्यांग नावाचा नायक नौकेत चढला आणि 'सिद्धयात्रे'स निघाला. पुढे त्याने वीस हजारांचे सैन्य नेले, शिधासामग्रीच्या दोनशे पेट्या नौकांतून नेल्या आणि एक हजार तीनशे बारा माणसे पायी नेली, असा हिशेब दिला आहे. आम्हांला हा हिशेब फार आवडला. पराक्रमाच्या लेखात शिध्याच्या पेट्या मोजणारा लेखक गोदीशी परिचित असलाच पाहिजे.

परंतु मुद्दा निराळा आहे. लिपी आपली, तिथी आपली, 'सिद्धयात्रा' हा शब्द आपला. पण भाषा आपली नव्हे. भाषा मलय आहे. नौकेत चढण्याला त्या दगडावर 'नायिक' असे क्रियापद आहे. आज जाकार्तात माणूस बसमध्ये चढतो तेव्हा 'नाइक' हेच म्हणतो. तेराशे वर्षांत शब्द जवळजवळ हललेला नाही. त्या काळी शेजारपाजारचे राजे आपल्या थोरवीचे लेख संस्कृतात कोरून घेत. श्रीविजयाने आपल्या लोकांना जे सांगावयाचे ते लोकांच्या भाषेत दगडावर लिहिले. मलय भाषेचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने तारीखवार लेख हेच. आपल्या अलिबागजवळच्या अक्षीच्या मराठी शिलालेखावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा काळ वाचतात. मलय त्याच्या सव्वातीनशे वर्षे आधी दगडावर आली.

आता ही बोली पसरली कशी? तलवारीने थोडीफार पसरली असेल. पण गोदीत आयुष्य काढलेल्या माणसास त्याचे दुसरे कारण दिसते. ते म्हणजे वारा. शिडाचे जहाज वाऱ्याचे गुलाम. एका मोसमात वारा चीनकडून दक्षिणेस वाहतो, दुसऱ्या मोसमात उलट. चीनचे जहाज सामुद्रधुनीपर्यंत आले की पुढच्या वाऱ्याची वाट पाहात थांबावयाचे. भारताकडून, इराणकडून आलेले जहाजही तसेच थांबावयाचे. महिनेच्या महिने शेकडो खलाशी, व्यापारी, हमाल आणि भिक्षू एका धक्क्यावर अडकून पडत. भाव करावयाचा, पाणी भरावयाचे, माल चढवावयाचा, भांडावयाचे आणि भांडण मिटवावयाचे, तर एक समाईक बोली हवी. ती त्या धक्क्याची बोली झाली.

इत्सिंग नावाच्या चिनी भिक्षूचे उदाहरण पाहा. नालंदास जाण्यासाठी तो ६७१ साली कँटनहून इराणी जहाजात बसला. वीस दिवसांच्या आत श्रीविजयास पोहोचला आणि तेथे सहा महिने राहून संस्कृत व्याकरण शिकला. तेथे हजारांवर भिक्षू होते असे तो लिहितो, आणि आपल्या देशबांधवांस सल्ला देतो की भारतात जाण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे येथे राहून तयारी करा. परतताना तो पुन्हा तेथेच राहिला, ग्रंथांची भाषांतरे करू लागला. ६८९ साली कागद, शाई आणि लेखनिक मागवण्यासाठी चीनला पत्र धाडावयाचे म्हणून तो एका जहाजावर गेला. इतक्यात वारा अनुकूल झाला, खलाशांनी शीड उभारले आणि हे महाशय ग्रंथ मागे टाकून पत्रासकट कँटनला पोहोचले! त्याच वर्षी मदतनीस घेऊन ते परत आले. वारा कोणासाठी थांबत नाही, भिक्षूसाठीही नाही.

येथवर ऐकून कोणास वाटेल, काय हे सुंदर राज्य! आम्ही कामगार चळवळीतले. आम्हांस राज्याची दुसरी बाजूही पाहावी लागते. पालेंबांगलाच तलागा बातू येथे मिळालेला एक दगड आहे. सात फण्यांचा नाग त्यावर फणा काढून आहे, खाली लेख, आणि त्याखाली पाणी वाहून जाण्यासाठी पन्हळ. त्या पाण्याने शपथ घ्यावयाची आणि ते प्यावयाचे, असा अभ्यासकांचा कयास आहे. जो राजाशी द्रोह करील तो बायकामुलांसकट नष्ट होईल, असा शाप त्यावर आहे. शपथ कोणी घ्यावयाची त्याची भली लांब यादी दिली आहे. राजपुत्र आहेत, सेनापती आहेत, कायस्थ म्हणजे लेखनिक आहेत, जहाजांचे कप्तान आहेत, व्यापारी आहेत. राजाचे धोबीही आहेत आणि राजाचे दासही आहेत. आणि त्या यादीच्या मध्यावर, मजुरांच्या टोळ्या आणि त्यांचे मुकादम अशा अर्थाने वाचलेला एक उल्लेख आहे. त्यात मजुरासाठी शब्द आहे 'वुरुह'.

श्रोतेहो, हे वाचले तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. आम्ही उठून जुनी डायरी शोधून काढली. 'बुरुह'. त्या सारंगाने सांगितलेला शब्द तेराशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला होता. राजाने मजुराचे नाव लिहिले ते त्याच्या मजुरीची नोंद ठेवण्यासाठी नव्हे; त्याला शाप देण्यासाठी लिहिले. मजुराची भीती राजास वाटत होती, एवढा तरी मान त्यात आहे.

आता पहिल्या प्रश्नाकडे, 'देंडा'कडे वळू. संस्कृत शब्द मलय भाषेत किती आहेत हे मोजू लागलो की माणूस थक्क होतो. भाषेला 'बहासा', माणसाला 'मानुसिआ', नफ्याला 'लाबा', म्हणजे लाभ. किमतीला 'हार्गा', म्हणजे अर्घ. उद्योगाला 'उसाहा', म्हणजे उत्साह. डोक्याला 'कपाला', तोंडाला 'मुका'. नवऱ्याला 'सुआमी' म्हणतात, हे ऐकून येथल्या काही भगिनी हसतील. एकनिष्ठाला 'सतिआ' म्हणतात, म्हणजे सत्य. मलय लोकांनी पुढे इस्लाम स्वीकारला तरी हे शब्द टाकले नाहीत. रमजानच्या रोजाला ते 'पुआसा' म्हणतात. हा आपला उपवास. स्वर्ग आणि नरक, 'सुर्गा' आणि 'नराका', त्यांच्या धर्मप्रवचनांत आजही आहेत. मलायात तेरेंगानू येथे चौदाव्या शतकातला, अरबी वळणाच्या लिपीतला, इस्लामी कायद्याचा शिलालेख आहे. त्यात अल्लाचा उल्लेख 'देवता मुलिया राया' असा केला आहे. धर्म बदलला म्हणून भाषेस सोवळ्यात बसवण्याची गरज त्या लोकांस वाटली नाही.

ही बोली किती दूर गेली पाहा. फिलिपीन्समध्ये मनिलाजवळ लागुना येथे एक ताम्रपट सापडला. त्याची तारीख शके ८२२ ची, म्हणजे इ. स. ९०० ची. भाषा मुख्यतः जुनी मलय. पालेंबांगपासून एवढ्या अंतरावर तो काय सांगतो? कोणा राजाचा विजय नव्हे. नामवरान नावाच्या माणसाचे सोन्याचे कर्ज माफ झाले, आणि ते त्याच्या मुलाबाळांना कोणी मागू नये, असा तो दाखला आहे. कर्जमुक्तीचा कागद! तेथल्या तागालोग भाषेत आज शिक्षकाला 'गुरो' आणि चेहऱ्याला 'मुखा' म्हणतात, आणि गरिबाला 'दुखा' म्हणतात. गरिबाचे नाव दुःख, यावर आणखी भाष्य नको. पश्चिमेस आफ्रिकेच्या दारात मादागास्कर आहे. तेथली भाषा मूळची बोर्निओकडची. पण मलय दर्यावर्दींचे शब्द तिच्यात मिसळले आहेत. मलय भाषेत पश्चिमेला 'बारात' म्हणतात. त्यावरूनच मादागास्करमध्ये उत्तरेला 'आवारात्रा' म्हणतात. वारा ज्या बाजूने येतो ती बाजू तेथे बदलली, म्हणून शब्दाची दिशाही बदलली. हे खलाशाचेच व्याकरण.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. "पाहा, सगळे आमचेच!" असे म्हणून छाती फुगवण्याचा मोह आपल्याकडे जुना आहे. आम्हीही त्या मोहात पडलो होतो. मलय भाषेत दोनला 'दुआ' म्हणतात. आम्ही युनियनमध्ये सांगत सुटलो की हा आपला 'द्वि'. पुढे वाचले तेव्हा कळले, तो शब्द त्यांच्या स्वतःच्या भाषाकुळातला आहे, साम्य योगायोगाचे. उसने घेतलेले नाणे आणि स्वतःच्या टांकसाळीतले नाणे यांत फरक केला पाहिजे. श्रीविजय ही कोणा भारतीय राजाची वसाहत नव्हती. तेथल्या लोकांनी लिपी घेतली, शब्द घेतले, बौद्ध धर्म घेतला, पण स्वतःच्या निवडीने आणि स्वतःच्या वाक्यात बसवून घेतला. आणि घेतला तसा परतही दिला. सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नवव्या शतकात नालंदास विहार बांधला आणि पाल राजा देवपाल याने त्यासाठी पाच गावे दिली. तो ताम्रपट १९२१ साली नालंदातच निघाला. बंगालचा अतीश दीपंकर, ज्याने पुढे तिबेटात धर्म नेला, तो अकराव्या शतकात सुवर्णद्वीपाच्या धर्मकीर्तीपाशी बारा वर्षे शिकला. म्हणजे भारतातला पंडित शिकावयास तिकडे जात होता. आणि आपण त्यांना काय पाठवले? १०२५ साली राजेंद्र चोळाचे आरमार. त्याने त्यांची बंदरे लुटली, राजास पकडले आणि त्या लुटीचा हिशेब तंजावरच्या देवळावर कोरून ठेवला. त्या घावातून श्रीविजय पुरते सावरले नाही. तेराव्या शतकापर्यंत त्याची हुकमत सरली.

शब्दांची आवक आपल्याकडेही झालीच. चतुर्थीला आपण जो साबुदाणा भिजत घालतो त्यातला 'साबू' म्हणजे मलय 'सागू', तिकडच्या एका ताडाचे पीठ. साबुदाणा आता टॅपिओकाच्या कंदाचा होतो, पण नाव तिकडचेच. श्रीविजयाच्या राजाने इ. स. ६८४ साली सर्व प्राण्यांच्या हितासाठी एक बाग लावली, तिच्या लेखात नारळ, पोफळी आणि बांबूबरोबर हा सागूचा ताडही आहे. आपला काकाकुवा त्यांचा 'काकातुआ'. आणि आम्ही ज्यात आयुष्य घालवले ते गुदाम त्यांचे 'गुदांग'. तो शब्द मूळचा दक्षिण भारतातला, मलयांनी उचलला, पोर्तुगीजांनी त्यांच्याकडून घेतला आणि आपल्याला परत आणून दिला. शब्दाने समुद्र दोनदा ओलांडला आणि जकात एकदाही भरली नाही.

राज्य संपले तरी बोलीचे दुकान बंद झाले नाही. पालेंबांगच्या राजवंशातला मानला जाणारा परमेश्वर नावाचा राजपुत्र १४०० च्या सुमारास मलाक्कास गेला आणि तेथे नवे बंदर उभे राहिले. बोली तीच. आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकले. त्या वेळी विकला गेलेला एन्रिके नावाचा एक गुलाम मॅगेलनच्या जहाजावरून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूने १५२१ साली फिलिपीन्सला पोहोचला. होडीतल्या लोकांशी तो मलय बोलला, आणि त्यांना ते कळले. युरोपचे सारे कप्तान मुके उभे होते. बोलत होता तो गुलाम.

आता शेवटचा टप्पा. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी डचांच्या राज्यात, आजच्या जाकार्तात, तरुणांनी प्रतिज्ञा केली: एक मातृभूमी, एक राष्ट्र, एकतेची एक भाषा. त्या प्रतिज्ञेत पुत्र आहे, पुत्री आहे, वंशाचा 'बांग्सा' आहे, भाषेची 'बहासा' आहे. पण भाषा कोणती निवडली? सर्वांत जास्त लोक जावानी बोलणारे होते. साहित्यही तिचे मोठे. तरी जावानी तरुणांनीसुद्धा मलय निवडली, जी त्या काळी फार थोड्यांची मातृभाषा होती. जावानी भाषेत वरिष्ठाशी बोलावयाचे शब्द वेगळे, कनिष्ठाशी बोलावयाचे वेगळे. मलय ही बाजाराची बोली. तिच्यात हमाल आणि शेठ यांना बरेचसे तेच शब्द पुरतात. कोणा एका मोठ्या गटाची नव्हती म्हणून ती सगळ्यांची होऊ शकली. श्रीविजयाने बी पेरले. मलाक्काने, इस्लामच्या प्रचारकांनी, डचांच्या कचेऱ्यांनीही पाणी घातले, हे खरे. पण रोप टिकले ते धक्क्यावरच्या माणसाच्या तोंडी. १९४५ च्या राज्यघटनेने ती इंडोनेशियाची भाषा ठरवली. मलेशियात, ब्रुनेईत, सिंगापुरात तिचीच रूपे राष्ट्रभाषा आहेत. २०२३ साली युनेस्कोच्या महासभेने तिला आपल्या अधिकृत भाषांत घेतले.

आपल्या मराठीस २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आम्हीही पेढा खाल्ला. पण श्रीविजयाची कथा वाचल्यावर मनात येते की भाषा दर्ज्याने जगत नाही, कामाने जगते. आमच्या गोदीत कोकणी, तेलुगू, भोजपुरी आणि मराठी माणूस एकाच हौद्यात उतरत, आणि एकमेकांचे शब्द उचलून बोलत. तेथे कोणी शब्दाची जात विचारली असती तर वरून येणारी गोण डोक्यात पडली असती. जी भाषा पगाराच्या चिठ्ठीवर, कामाच्या धक्क्यावर, तक्रारीच्या अर्जात आहे ती बुडणार नाही. जी फक्त हारात आणि भाषणात उरली तिची धास्ती वाटते.

इंडोनेशियात १ मे या दिवसास 'हारी बुरुह' म्हणतात, कामगारांचा दिवस. २०१४ पासून तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुटी आहे. ज्या शब्दाला राजाने नागाच्या फण्याखाली शाप दिला तोच शब्द फलकावर लिहून लोक रस्त्यातून चालतात. राजा कोण होता हे शोधावयास पंडित लागले. बुरुह कोण, हे कोणास विचारावे लागत नाही.

जाता जाता एकच गोष्ट. मलय भाषेत 'कामी' आणि 'कीता' असे दोन शब्द आहेत. 'कामी' म्हणजे आम्ही, ऐकणारा वगळून. 'कीता' म्हणजे आपण, ऐकणाऱ्यास धरून. मराठीतही हा भेद आहे, इंग्रजीत नाही. हा आपण त्यांना दिलेला नाही आणि त्यांच्याकडून घेतलेलाही नाही. दोघांच्या घरचा आहे. त्या जहाजावर सारंग प्रथम 'कामी' म्हणत होता. यादी पुरी होईतो 'कीता' म्हणू लागला होता.

इतका वेळ आम्ही बोललो. आता प्रश्नोत्तरांत आपण बोलू.